चौथा संदर्भ

सत्काराच्या फॉर्ममधला रकाना अकरावा –
आजवरचे एकूण संदर्भ, फक्त आकड्यांत.
दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलोय
आणि कारखानीसबाई आत लसूण सोलतायत.

"तेराशे शहाऐंशी," मी ओरडून सांगतो,
"एकट्या त्या रक्तपेशींच्या पेपरचे."
"तो होय," आतून आवाज, "ती तर युक्ती होती.
लाईट जायचे, बर्फाचं पाणी व्हायचं,
पेशी चार दिवस टिकाव्यात म्हणून
विठ्ठलभाईंनी सुचवली तेवढी साखर घातली.
त्यांचं नाव आभारात आहे. बारीक टायपात."

तेराशे शहाऐंशी जणांनी
साखरेचं प्रमाण उतरवून घेतलं आणि पुढे गेले,
जसा कुणी पत्ता विचारतो
आणि सांगणाऱ्याचा चेहरा बघत नाही.

आकडेही एका जागी नाहीत.
अर्ध्या जगात त्या कारखानीस,
उरलेल्या अर्ध्यात करखानिस,
एका जपानी यादीत तर नुसत्याच यू.
संगणकाला वाटतं, या तीन बायका,
तिघी बेताच्या कर्तबगारीच्या.

मला आठवते ती लूना.
पुढे ट्रे, मागे ट्रे, दर मंगळवारी दोनशे चाळीस अंडी.
खालच्या जशोदाबेन दार लावून घ्यायच्या :
डॉक्टरीण होऊन आमलेटची लारी?
"ना बेन, आ तो दवाखाना माटे छे."
काळोख्या खोलीत अंडं दिव्यावर धरायचं,
आत लाल शिरांचं झाड
आणि एक काळा ठिपका, हलणारा.
न हलणारी बाजूला.
पेन्सिलीनं हवेच्या पिशवीची रेघ, रेघेखाली सुई.
"हळू रे. जिवंत आहे ते."
पिलू की व्हायरस,
विचारायचं राहूनच गेलं.

"आणि तो?"
"कोणता?"
"फत्तेपुऱ्याचा."
सहा वर्षं. नऊशे मुलांचे घसे,
प्रत्येक घशामागे एक आई, तिची समजूत,
एक पारले बिस्किटाचा पुडा.
निष्कर्ष दोन ओळींचा :
इथला फ्लू थंडीची वाट बघत नाही, गणपतीत येतो.
लस टोचायची तर वैशाखात टोचा.
दिल्लीचं उत्तर एका ओळीचं :
नोंद घेतली आहे.

"चार," मी म्हणतो. आवाज आपोआप उतरतो.
"तीन माझेच. चौथा कुणाचा?"
त्या दारात उभ्या, बोटांना सालं चिकटलेली.
पेरूमधलं नदीकाठचं कुठलंसं गाव,
कुणी तरुण मुलगा असावा.
"काय म्हणतो?"
न वाचता पुढे सरकावं असं मनात येतं. वाचतो :
'कारखानीस यांनी नोंदवलेली पावसानंतरची साथ
आम्हाला आढळली नाही.'

पंख्याचा आवाज.
मग बाई खुर्ची ओढतात, पदराला हात पुसतात,
मला वाटलं होतं तसं काहीच होत नाही.
"म्हणजे वाचलाय त्यानं!
घसे किती?"
"एकशे चाळीस."
"महिने?"
"जानेवारी ते मे."
"आणि पाऊस कधीपर्यंत असतो तिकडे?"
मी शोधतो. "मेपर्यंतच."
"मग पावसानंतर बघितलंय कुठं गाढवानं!"
एकोणऐंशी वर्षांच्या बाई टाळी वाजवून हसतात,
लसणाचा वास थेट माझ्यापर्यंत.

रकाना अकरावा अजून तसाच,
सत्कार समितीचा दुसरा फोन येऊन गेलाय.
"ते राहू दे. त्याला पत्र लिही आधी.
लिही : प्रिय सहकारी,
तुम्ही जूनपर्यंत थांबायला हवं होतं.
थांबा पुढच्या वर्षी. मुलांना बिस्किटं द्या.
आणि खाली माझं नाव नीट घाल रे,
क ला काना आहे."