वाघाचा वाटा

कोसमटोल्याच्या आखरावर रात्री खडी गंमत होती.
फागोनं कोळशानं मिशी काढली,
सायत्राकाकूचा बिनकाचेचा चष्मा चढवला,
बगलेत छत्री मारली
आणि तो तेंदूपत्त्याच्या फडीवरचा मुन्शी झाला.
चालही तीच : पोट आधी, मागून मुन्शी.

थुंकी लावून पुडे मोजले.
"...त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. झालं."
डफवाला म्हणाला, "शंभर होते ना जी?"
"होते गा. पाच वाघानं खाल्ले."
"वाघ पानं खाते?"
"ठेका लागला तवापासून माळ घातली त्यानं.
बायांले नुसता हुंगते. पोट पानावरच भरते."

पारबता हसली.
तिची जाऊ मागच्या मे महिन्यात
नाल्यापलीकडून परत आली नव्हती.
पारबता सगळ्यांत आधी हसली,
म्हणून मग आम्हीही.

खरा मुन्शी पुढच्या खुर्चीवर होता.
मांडीवर थाप मारमारून हसला,
पोट्ट्याला चाल बरोब्बर जमली म्हणाला,
आणि पुकारून शंभराची नोट बक्षीस दिली.
फागोनं ती दिव्यासमोर धरली,
उलटी केली, सुलटी केली,
चोळण्याच्या खिशातून पाचाचं नाणं काढलं
आणि मुन्शीच्या तळव्यावर ठेवलं :
"घ्या जी. वाघाचे."

ढोलकी वाजली.
मुन्शी हसला, पण ढोलकीनंतर.

सकाळी फडीवर सगळं जसंच्या तसं.
सत्तर पानांचा पुडा, काळी पडलेली बोटं,
रांगेत टोपल्या, टोपल्यांच्या मागं आम्ही.
एक्याऐंशी, ब्याऐंशी...
मागून कुणीतरी हळूच डरकाळी फोडली,
मांजराएवढी.
मुन्शीचा आकडा सांडला.
पुन्हा एकपासून.
तीनदा सांडला.

पाच गेले ते गेलेच.
हसण्यानं वाघ मरतो असं कुणाला वाटत असेल
तर त्यानं पहाटे चारला आमच्यासोबत रानात यावं.
आणि मोजणी लांबली
तीही आमच्याच माथ्यावरच्या उन्हात,
छत्री त्याच्याकडं होती.

फक्त एक सांगते.
वहीत पाचाचा आकडा लिहिताना
त्यानं डाव्या हातानं तो झाकला.
आधी झाकत नव्हता.