बाद

उद्यमनगर. जेवणाची सुट्टी.
फाउंड्रीच्या काळ्या वाळूत पाय पसरून
आकाराममामा कालच्या पेपरातलं सुडोकू घेतात.
पेन्सिल बोटभर, खोडरबर नाही.

"सात कुठं बसतोय इचारू नगंस,
कुठं बसत न्हाई त्ये बघ."

आडवा आहे, बाद. उभा आहे, बाद.
एका ओळीत दोन घरं: चार नाहीतर नऊ.
कुणाचं कुठलं, ठरलेलं नाही अजून,
तरी बाकीच्यांनी त्या दोघांची आशा सोडायची.

मी कोअर बनवतो.
लोखंडानं जिथं शिरू नये
तेवढीच जागा माझी वाळू अडवते,
म्हणून पंपाला पोट येतं.

भोंगा झाला. मामांनी घडी घातली.
एक घर रिकामंच.
"भरा की."
"ऱ्हाऊ दे. तिथं आता दुसरं कोण येतंय?"