अलीकडे पन्नास, पलीकडे साठ

माझं दुकान फुजी नदीच्या पूर्वेला,
पुलापासून चौथं.
जुन्या कॅसेटी लोक बिस्किटांच्या डब्यातून आणतात
आणि म्हणतात, आवाज तेवढा ठेवा,
ती घुंघुं काढा.

घुंघुं म्हणजे वीज.
ज्या खोलीत रेकॉर्डर ठेवला, त्या खोलीच्या भिंतीतली,
कुणी बोलत नसतानाही बोलणारी.
नदीच्या अलीकडे ती सेकंदाला पन्नास वेळा थरथरते,
पलीकडे साठ.
शंभरावर वर्षं झाली, पूर्वेने जर्मन यंत्र आणलं,
पश्चिमेने अमेरिकी,
आणि एका देशाचे दोन सूर झाले.
माझी आई पलीकडची.
आंदणात आलेलं वॉशिंग मशीन पूल ओलांडल्यावर आळशी झालं,
असं ती मरेपर्यंत सांगायची,
आमच्या घराकडे बघत.

जूनमध्ये कुरिहारा सान आल्या.
एकच कॅसेट, रुमालात बांधलेली.
पाठीवर निळी शाई : सेन्दाई, हिवाळा, बाबा.
बाबा दोन वर्षं सेन्दाईला होते, पुलांच्या कामावर.
महिन्याला एक गोष्ट पाठवायचे.
उरली ही एवढीच.

मी हेडफोन लावला.
एक माणूस, नाक चोंदलेलं,
सांगतोय कोल्ह्याची गोष्ट
ज्याला छत्री उघडता येत नव्हती.
मागे घुंघुं, चिवट.
मी पन्नासावर चिमटा लावला,
तांदळातला खडा उचलावा तसा.
काही हललं नाही.

पडद्यावर पाहिलं. सुळका साठावर.
मग एकशेवीस, एकशेऐंशी,
आईमागून चाललेली पोरं.

टेप पळत असेल, मनाशी म्हटलं.
पट्टे सैल होतात, मोटारी लहरी असतात.
वेग सहाव्या हिश्श्याने उतरवला,
साठाचे पन्नास केले,
तर बाबांचं अस्वल झालं,
कोल्हा जिना चढताना धापा टाकू लागला,
आणि दूरच्या रेल्वे फाटकाची घंटा
कण्हायला लागली.
वेग होता तिथे परत नेला.

म्हणजे साठच.
नागोया असेल, ओकायामा असेल,
नदीपलीकडचं काहीही.
सेन्दाई नाही.

ठीक आहे. माझं काम पत्ते शोधण्याचं नाही.
साठ काढले, एकशेवीस काढले,
एकेक चिमूट, माणसाचा घसा न सोलता.
खोली स्वच्छ झाली.
आणि तेव्हा,
कोल्हा पावसात उभा राहिला त्या ठिकाणी,
बाबा श्वास घ्यायला थांबले त्या ठिकाणी,
अगदी जवळून, मायकाला नाक लावल्यासारखं,
एक लहान मूल म्हणालं :
मग?

मी ते अकरा वेळा ऐकलं.
तीन वर्षांचं असेल. चार.
बाबा हसतात, आणि पुढे सांगतात.
दोघांनाही सांगतात,
एक मांडीवर, एक टपालात.

रात्री साडेअकराला
त्या दीड सेकंदावर मी घुंघुं परत पसरली.
उघड्या पडलेल्या पायावर पांघरूण ओढतात, तशी.
शिकवताना गुरू म्हणाले होते,
फिल्टर हा कान आहे, हात नव्हे.
ते असते तर त्यांनी मला कामावरून काढलं असतं.

कुरिहारा सान खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होत्या.
छत्रीपाशी त्यांनी बोट वर केलं.
इथे थोडी राहिलीय.
हो, म्हटलं, तेवढी निघत नाही.
त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या,
की माझ्यामागच्या भिंतीकडे.
असू दे, म्हणाल्या.
लहानपणी मला झोप याच आवाजावर लागायची.

पैसे मोजून दिले. पावती घडी करून पाकिटात.
पावतीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं :
न गाळलेली मूळ प्रत नव्वद दिवस ठेवली जाईल,
मागितल्यास मिळेल.

आज अठ्ठ्याऐंशीवा.
दुकानातला फ्रिज पन्नासावर घुमतोय.
फोन मी उशाशी घेऊन झोपते हल्ली.