किती लांबून

रक्वेरेच्या पुढे, गंजलेल्या रुळांलगत
तीन देशांच्या फौजांनी टाकून दिलेली यंत्रं
एकाच चिखलात उभी होती.
मार्च महिना. बर्फ मळका,
नीट न पुसलेल्या फळ्यासारखा.
हेल्वे आत्यानं गाडीच्या दारात बसून सावकाश बूट बदलले,
म्हणाली, चल माइत, स्थळ बघायला आलोय,
नुसतं रंगावर जाऊ नकोस.

तिला उचलायच्या होत्या अठ्ठेचाळीस फरश्या.
सिमेंटच्या, प्रत्येकी दोन टनांवर.
तिच्या बापाच्या कुरणात रशियन फौजेनं अंथरलेल्या,
रॉकेटच्या गाड्या रुतू नयेत म्हणून.
फौज गेली. कुरण कागदावर परत मिळालं.
कागदात फरश्यांचा उल्लेख नव्हता.

पहिलं जर्मन: पुढे दोन पोलादी काटे,
चाकं माझ्या खांद्याएवढी.
चार टन उचलतं, आर्वो म्हणाला, आवार त्याचं.
किती लांबून? आत्यानं विचारलं.
आर्वोनं टोपी मागे सरकवली.
लांबून नाही. जवळ जावं लागतं.
आमच्याकडे जवळ जाता येत नाही, ती म्हणाली,
फरशीच्या बाहेर पाऊल टाकलं की दलदल.

दुसरं स्वीडिश. ट्रकच्या पाठीवर घडी घालून ठेवलेला हात,
तेल कधी बदललं त्याची वही, सुवाच्य अक्षरात,
आणि किंमत अशी
की आत्यानं वही हळूच मिटून जागेवर ठेवली.

तिसऱ्याकडे आर्वो आम्हाला नेतच नव्हता.
हिरव्यावर हिरवा, त्यावर पुन्हा हिरवा रंग,
बॅटरी नाही, केबिनमध्ये गांधीलमाशांचं रिकामं घर.
दाराला रिबिटांनी ठोकलेली पाटी.
मला ती वाचता येईना. मी शाळेत गेलो तोवर
ती भाषा वेळापत्रकातून गेली होती.
आत्यानं रुमालाला थुंकी लावली, पाटी पुसली
आणि मोठ्यानं वाचू लागली, मी कधी न ऐकलेल्या आवाजात,
रांगेत उभ्या असलेल्या कुणा तरुण बाईच्या:

चार मीटरवर पाच टन.
सहावर अडीच.
दहावर एक, तोही वारा नसेल तर.

मग वर, लोखंडी हातावर, पुसट पांढऱ्या अक्षरांत:
बाणाखाली उभे राहू नका.
ती हसली. क्रेनच्या हाताला ते बाणच म्हणतात, म्हणाली.

यानंच टाकल्या असतील का गं आपल्या फरश्या?
यंत्राला कसली जात विचारतोस.
पंपाचं सील कुठे मिळतं ते विचार.
नार्वात मिळत होतं, अकरा युरोला.
तिनं घासाघीस केली, दोन वायररोप फुकट घेतले,
चहा नको म्हणाली.

मे महिन्यात पहिली फरशी उठली.
आधी एक चोखल्यासारखा आवाज. मग पाणी. मग मुंग्या,
अंडी तोंडात धरून सैरावैरा.
आणि ओल्या मातीत नांगराच्या रेघा,
दाबलेल्या, पण शाबूत.
सरळ नव्हत्या. कुरणाला तिरक्या जात होत्या.
आत्या कितीतरी वेळ पाहत राहिली.
बाबा तिरकंच नांगरायचे, म्हणाली.
उतार होता इथे. मी विसरलेच होते, इथे उतार होता.

आम्ही पुढची उचलायचो आणि क्रेन मागे घ्यायचो,
पुन्हा पुढची, पुन्हा मागे,
जूनभर, डास चावत असताना.
बेचाळीस झाल्या.
उरलेल्या सहांवर क्रेन स्वतःच उभी होती.

आत्या तिच्याभोवती दोनदा फिरली.
मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, कळतंय मला.
पाना मागितला, बॅटरी काढली,
पोटाशी धरून घरात घेऊन गेली.

संध्याकाळी कोंबड्या आल्या
आणि बरोबर हुकाच्या खाली, बाणाच्या सावलीत
पंख फुगवून बसल्या.
त्यांना पाटी कुणी वाचून दाखवली नव्हती.