बाभळीचा वाक

सिंदेवाहीच्या दवाखान्यात लाइट गेलेली,
म्हणून फिल्म मी खिडकीला धरली.
पलीकडे मोहाचं झाड,
अलीकडे उरकुडा वाढईचा डावा खुबा,
फांद्या आणि हाडं एकमेकांत शिरलेली.

अकरा वर्षं एक्स-रे काढतोय मी.
माणसं स्वतःचं हाड बघून गप्प होतात
किंवा विचारतात, कापा लागते का?
उरकुडानं चष्मा पुसला, जवळ आला
आणि बोट ठेवलं थेट मानेवर,
मांडीचं हाड जिथून तिरकं वळून
गोळ्याकडे जातं तिथं.
"हा वाक कोनं तासला?"

शिकलो होतो तेवढं सांगितलं.
हा गोळा, ही वाटी, याला म्हणतात उखळीचा सांधा.
"उखळीत मुसळ आदळते, बाबू. हे तं फिरते."
मग चाकाचा तुंबा म्हणून पाहिलं.
"तुंब्यातून आख आरपार जाते.
इथं आरपार काय हाय?
हे सुटून काऊन नाही पडत?"

खरंच, का नाही पडत.
वाटीच्या काठाला मऊ किनार असते,
ती गोळ्याला ओठांसारखी चोखून धरते,
आत थेंबभर वंगण, हवेला जागा नाही.
आणि पुढून जाड दोऱ्या:
ताठ उभं राहिलं की पिळ भरतो,
बसलं की सैल.
"म्हंजे करवतीच्या चौकटीची दोरी.
खुंटी फिरोली का पातं ताणते."
हो म्हणालो.
पुस्तकात हे असं नव्हतं.

मग त्याला रेषा दिसल्या.
मानेतून कमानीसारख्या गोळ्याकडे गेलेल्या,
केसाएवढ्या, पांढुरक्या.
नांगराला सरळ लाकूड कापून वाक काढला
तर नस तुटते, पहिल्याच ढेकळात मोडतो, म्हणाला.
बाभळ मुळातूनच वाकलेली शोधावी लागते,
नस वाकाबरोबर वळलेली.
"हे तसंच हाय."
मी म्हटलं, जन्मताना ही मान इतकी वळलेली नसते.
मूल पाय टाकू लागतं, भार पडतो,
जिथं भार तिथं रेषा उमटते,
हळूहळू वाक येतो.
कोणी तासला नाही, काका. तुम्हीच चाललात.

तो बराच वेळ बोलला नाही.

कूर्चा फोटोत दिसत नाही,
तिनं राखलेली फट तेवढी दिसते.
उजवीकडे होती, सुतळीएवढी काळी.
डावीकडे हाडाला हाड.
चाळीस वर्षं उकिडवं बसून
अंगठ्यानं लाकूड दाबून वाकस चालवला,
गुडघा छातीला, खुबा पुरा मिटलेला.

काठी उजव्या हातात धरायची, म्हटल्यावर हसला.
"दुखते डावं, अन् काठी उजव्या हाती?"
एका पायावर उभं राहिलात की
कावडीचा खांदा म्हणजे हा खुबा.
सगळं अंग लांब बाजूला लोंबतं,
आखूड बाजूला कुल्ल्याचा स्नायू एकटा
दुपटीनं ओढतो, आणि ते सगळं गोळ्यावर येतं.
काठीनं लांब बाजू थोडी उचलायची.
तो उठला. उजव्या हातानं टेबल धरून
डावा पाय टेकला.
पुन्हा टेकला.
"बराबर हाय," म्हणाला, जणू मीच शिकाऊ होतो.

खाली बसणं बंद, डॉक्टरनं लिहिलं होतं.
उंच टेबल करून घ्या, उभ्यानं काम करा.
"गावात सत्तर टेबलं असतीन माझ्या हातची.
घरी एक नाही, बाबू."

जाताना कानावरची पेन्सिल काढून
त्यानं फिल्म पाकिटावर ठेवली,
उजेडाला धरून तो वाक गिरवला.
दुसऱ्या खेपेला, थरथरत नाही अशा रेघेत.
मग अंतर मोजलं, वीत आणि चार बोटं,
आणि त्याच्या बायकोला, सगुणाबाईला, विचारलं:
बांधावरची ती बाभळ
अजून कोणी तोडली तं नाही ना?