झाकण

शनिवारी अकरा ते तीन
ऑलिव्हरचा वाढदिवस.
वर्गातली सव्वीस मुलं तिथे.
सत्ताविसावा माझ्या स्वयंपाकघरात
पोह्यांतले शेंगदाणे वेचून
ताटलीच्या काठावर रांगेत लावत बसलेला.

रात्री मी ऑलिव्हरच्या आईला मेसेज लिहिला.
नम्र. मग कमी नम्र. मग पुन्हा नम्र.
मग पुसून टाकला.

मला असं काही झालं असतं तर
बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले असते,
'नाही बोलावलं? बरं. अभ्यासाला बस.'
मी बसले असते.
त्यानं मी कणखर झाले, की नुसतीच गप्प,
हे मला अजून नीट सांगता येत नाही.

फ्रिजवर ग्रंथालयातून आणलेला कागद होता:
नॉरिचच्या आसपास मुलांना कुठे न्याल,
फुकट, किंवा जवळजवळ फुकट.
मातीकाम भरलेलं.
वटवाघळं बघायची ती रात्री, आणि मला रात्रपाळी.
उरलं क्रोमर. समुद्रातला लाकडी धक्का. खेकडे.

बसमध्ये कैवल्य बोलला नाही.
मी 'मेंढ्या बघ' दोनदाच म्हटलं.

चार पौंडांत बादली, दोरी, जाळीची पिशवी.
पिशवीत बेकनचा तुकडा,
तो मी टिश्यूत धरून कोंबला, तेव्हा तो जरासा हसला.
शेजारी घडीच्या खुर्चीवर टेरन्स नावाचे आजोबा,
थर्मासच्या झाकणातून चहा पीत.
'गळ नाही लावायचा. त्याला हवं असेल तर तो धरतो.
घाई केलीस की सोडतो.'

पहिला खेकडा कठड्यापासून हातभर खाली सुटला.
दुसरा त्याहून वर येऊन सुटला.
तिसऱ्याच्या वेळी माझा हात
आपोआप त्याच्या दोरीकडे गेला.
मी तो खिशात घातला.
खिशात कालच्या पाळीचा हातमोजा होता,
तो घट्ट धरून उभी राहिले.

चौथा, पाचवा. वारा. नाक गळतंय. पुसत नाही.
सहावा आला.
बादलीत पडल्यावर टप्प असा आवाज झाला
आणि माझं पोर
शाळेत ज्याचं 'केव' झालंय ते,
अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं मराठीत ओरडलं,
'आई, ह्याला एक नांगी नाहीये!'

'येईल परत,' टेरन्स म्हणाले. मराठी कळल्यासारखे.
'कात टाकली की थोडी. पुढच्या वेळी आणखी थोडी.'

मग आणखी तीन. चारच्या वर ठेवायचे नाहीत, भांडतात.
आणि शेवटी सोडून द्यायचे, हेही कळलं,
तेव्हा आईच्या कुर्ल्यांचा रस्सा
माझ्या जिभेवरून चुकचुकत परत गेला.

एक वर चढत होता. खालच्यानं त्याचा पाय धरला.
तो पडला. पुन्हा चढला. पुन्हा धरला.
मला आपला तो जुना विनोद आठवला,
आपल्या खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणे.
सांगणारच होते. जगाची ओळख करून द्यायची वेळ
बहुतेक हीच असते.

बादलीत डोकं घालून तो म्हणाला,
'खेचत नाहीयेत ते.
घाबरलेत, म्हणून धरून ठेवलंय एकमेकांना.'

मी विनोद गिळला.

पायऱ्या उतरून वाळूवर त्यानं बादली आडवी केली.
तिघे तिरके पळाले.
एक नांगीवाला जरा थांबला,
कुठली बाजू समुद्राची ते ठरवलं,
आणि चुकीच्या बाजूनं निघाला.
मी वाकले.
'राहू दे,' कैवल्य म्हणाला. 'कळेल त्याला.'
कळलं. वेळ लागला. बस चुकली.

पुढच्या बसमध्ये अंधार,
त्याच्या बाहीला माशांचा वास,
माझ्या खांद्यावर ओलं डोकं.
झोपला असं वाटलं तेवढ्यात:
'सोमवारी ऑलिव्हरला विचारीन,
केक कुठला होता.'

मी काही बोलले नाही.
काचेवर आमची वाफ धरली होती.
त्यानं बोटानं त्यात खेकडा काढला,
दोन्ही नांग्यांचा,
एक जरा लहान.