भार: एक ते वीस

जयगडच्या धक्क्यावर, वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत
मी पाण्याखाली काम करते.
केस कोरडे. नखं कोरडी.
खारट फक्त डोळे.

तीन यंत्रं, तीन पडदे, एक मी.
आधी एका यंत्रामागे दोन माणसं असायची.
मग साहेब म्हणाले, आता ती आपली आपण चालतात,
तू नुसतं लक्ष ठेव.
नुसतं!
घमेलं निदान खाली ठेवता येतं.

धक्क्याच्या खांबांवरची कालवं खरवडायची.
मी दांडी ढकलते,
पोलादी हात जरा थांबून हलतो,
खाडीपलीकडच्या तरीवाल्याला हाक मारावी
आणि त्याची ओ उशिरानं यावी, तसा.
अर्धा सेकंद.
आठ तासांत असे अर्धे किती, कुणी मोजत नाही.
ते मी घरी घेऊन येते.
पेजेच्या वाटीकडे हात नेते नि थांबते,
पोचला का?
लेक विनोद सांगून खेळायलाही निघून जाते,
मग मला हसू येतं.

येसूआते सुकतीला खडकांवर जायची,
कमरेला कोयती, पायात जुनी रबरी चप्पल.
बोटं चिरलेली, चिरांत हळद.
"हात लागला की कळतं गो,
जिता कुठचा नि मेलेला कुठचा."
माझ्या दांडीला काही लागत नाही.
काँक्रीट, कालव, तुटक्या जाळ्याचा दोर,
सगळं एकच गुळगुळीत प्लास्टिक.
आते रात्री घोरायची.
मी खाटेवर पडते
आणि मिटल्या डोळ्यांआड खांब येत राहतात,
सतरा, अठरा, एकोणीस.

काल भांगाचं पाणी, संथ.
एकविसाव्या खांबापाशी तिसरं यंत्र थांबलं,
की मीच थांबवलं,
दिव्याच्या उजेडात गोबरा होता,
तोंड उघडं, काचेला अगदी लागून.
तो बघत होता.
मीही.
पहिल्याची वायर ताणत गेली,
दुसऱ्याचा पिवळा दिवा लुकलुकत राहिला.
पाळी घ्यायला आलेल्या इस्माईल मजगावकरनं
डबा बगलेत धरूनच
माझ्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं.
बोलला काही नाही.

नोंद उमटली: निष्क्रिय, अकरा मिनिटं. कारण लिहा.

खाली रोजचाच प्रश्न.
मानसिक भार, एक ते वीस, योग्य आकड्याला गोल करा.
मी रोज अकराला करते.
वीसला केला तर माझ्या जागी दुसरी येईल,
एकला केला तर चौथं यंत्र.

कारणाच्या रकान्यात लिहिलं, मासा.
खोडलं.
लिहिलं, पाणी गढूळ.

इस्माईल वाचून म्हणाला,
"केवढा होता?"
मी दोन्ही हात पसरले.
लगेच पसरले.